कोंबडीवर हल्ला झालाय, पाठीची कातडी उलटली आहे. आत्ता काय करू? (तातडीचं)

अंगणातली | रात्री ८:५०

लवकर कुणीतरी सांगा. आज खुराड्याची कडी लावायची राहिली, चूक माझीच. फडफडाट ऐकून धावले तर अंगणभर पिसं आणि ठिपकी भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. प्राणी दिसला नाही, कुंपणाखालून काहीतरी सटकलं एवढंच कळलं. बाकीच्या चौघी आढ्यावर चढून गप्प बसल्यात.

ठिपकी दोन वर्षांची आहे. शेपटीची पिसं सगळी गेली. पाठीवर तळहाताएवढी कातडी फाटून बाजूला लोंबतेय, खालचं लाल मांस दिसतंय. रक्त फार नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकतेय आणि डोळे मिटतेय. नळाखाली धरायला निघाले होते, तेवढ्यात वाटलं आधी विचारावं. डॉक्टर सकाळशिवाय मिळत नाहीत. जगेल का?

शेवगा | रात्री ८:५४

नळाखाली अजिबात नको. एक खोका घ्या, तळाला जुना टॉवेल, तिला आत ठेवा, वरून कापड टाका, हवा येऊ द्या. दिवा घालवा. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त उकडलं तर तिला सरकता येईल. मग खोलीतून बाहेर या. पोरं, कुत्रा, टीव्ही काही नको. जखमेकडे नंतर बघू.

रक्त धावत असेल तरच हात लावा. स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही.

अंगणातली | रात्री ९:०५

ठेवलं. रक्त धावत नाहीये. पण जखम अशी उघडी ठेवून गप्प बसायचं? माती लागली आहे तिला.

धोपट | रात्री ९:११

मी असतो तर आत्ताच धुतली असती. जितका उशीर तितके जंतू आत.

शेवगा | रात्री ९:१४

धोपट, माझी पहिली कोंबडी मी अशीच धुतली होती. जखम एकदम लख्ख झाली आणि कोंबडी हातातच गेली. थंड पाणी, प्रखर दिवा, वर दोघांनी धरून ठेवलेली. जखमेने नाही मेली ती.

गुरांचा_डॉक्टर | रात्री ९:३२

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. ती आत्ता शॉकमध्ये आहे. तासभर अंधार आणि ऊब द्या. खोक्यातलं तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास हवं. कोंबडीचं स्वतःचं तापमानच ४१ अंशांच्या घरात असतं, त्यामुळे अंग हाताला गरम लागलं म्हणजे ठीक आहे असं समजू नका. पाय थंडगार आणि तुरा फिका पडला असेल तर शॉक आहे.

तासाने हळूच बघा. चोच मिटून श्वास घेत असेल तर दहा मिनिटांत आटपेल एवढीच सफाई करा. अजून धापा टाकत असेल तर सकाळपर्यंत जखमेवर ओलसर स्वच्छ कापड ठेवण्यापलीकडे काही करू नका.

सफाईसाठी लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड-दोन सपाट चमचे. सुई काढलेल्या सिरिंजने वरवर धार सोडा. घरातली कुठलीही पूड, राख, पावडर भरू नका. उद्या ती मलाच चिमट्याने एकेक कण काढावी लागते (मला म्हणजे तुमच्या डॉक्टरांना).

आणि धरताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) नसतो. छातीचं हाड खालीवर हललं तरच हवा आत जाते. प्रेमाने घट्ट कवटाळलेली कोंबडी गुदमरते.

अंगणातली | रात्री १०:४०

चोच मिटली आहे! भावाने धरलं, मी धुतलं. पण धुताना एक विचित्र गोष्ट दिसली. उजव्या पंखाखाली कातडी फुगली आहे. दाबली की कोरडा कागद चुरगळावा तशी बोटांखाली कुरकुरते. पू झाला का इतक्यात?

गुरांचा_डॉक्टर | रात्री १०:४६

थांबा. त्या बाजूला पाण्याची धार सोडू नका.

तो पू नाही, हवा आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात आणि काही पोकळ हाडांतही शिरतात. दात आत गेला की पिशवी फुटते आणि श्वासातली हवा कातडीखाली साठते. भोक थेट पिशवीत उघडत असेल तर आपण सोडलेलं पाणी श्वासमार्गात जाऊ शकतं. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येताना दिसले तर ओल्या कापडाने फक्त टिपायचं, ओतायचं काही नाही.

फुगा लहान असेल तर आतलं भोक बुजल्यावर हवा आपोआप जिरते. वाढत गेला आणि श्वास अडखळला तर डॉक्टर सुईने हवा काढतात. घरी टाचणी घेऊन बसू नका.

फुगलंय म्हणजे तिथे दाताचं भोक आहे. पिसं फुंकून बघा, टाचणीच्या टोकाएवढंसुद्धा असू शकतं.

अंगणातली | रात्री १०:५८

आहे. दोन. मी पाठीच्या जखमेकडेच बघत बसले होते, हे दिसलंच नसतं.

खडूस_काका | रात्री ११:२०

ऐकायला वाईट वाटेल, पण एवढा खटाटोप कशासाठी? मान मुरगळा आणि मोकळी करा. जिवाला त्रास देण्यापेक्षा ते बरं. चाळीस वर्षं कोंबड्या पाळतोय.

वाळवी | रात्री ११:२६

काका, रात्री अकरा वाजता घाबरलेल्या बाईला हे लिहायलाच हवं होतं का?

गुरांचा_डॉक्टर | रात्री ११:४१

काकांना झोडपू नका, काही वेळा तेच खरं असतं. आतडं बाहेर आलंय, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडलेत, दोन दिवस झाले तरी मान उचलत नाही, अशा वेळी मीही तोच सल्ला देतो. पण पाठीची कातडी सोलली जाणं त्यात बसत नाही. दिसायला सगळ्यात भयानक तीच जखम, आणि भरून येण्यात सगळ्यात सोपीही तीच. मला जास्त काळजी त्या दोन बारीक भोकांची आहे.

अंगणातली | दुसरा दिवस, दुपारी १:१५

जिवंत आहे! सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लोंबणारी काळी पडलेली कातडी कापून टाकली. मी म्हटलं टाके घाला, तर नाही म्हणाले. चाव्याची जखम शिवली की घाण आत कोंडते, ती तळापासून वर भरत यायला हवी. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम वजन करून दिलं.

एक घोळ झाला. मी नसताना भावाने जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस आला म्हणून खूश होता, म्हणे बघ कसा जंतू मारतोय.

शेवगा | दुपारी १:३०

एकदा झालं ते झालं. पुन्हा नको. ते जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशीही जाळतं. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करा, रोज एकदा पुरे.

आणि घरातल्या माणसांच्या वेदनेच्या गोळ्या कपाटातच राहू द्या. डायक्लोफेनॅकने गिधाडं संपली ती मूत्रपिंडं निकामी होऊन. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते घातक आहे. सुन्न करणारी मलमंही नकोत, पक्ष्यांना त्यांचा डोस सहज जास्त होतो.

मनीमाऊ | दुपारी २:०२

पाणी पाजताय का? मी ड्रॉपरने पाजते सरळ घशात.

शेवगा | दुपारी २:१०

अहो, नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. घशात पिचकारी मारली की पाणी फुप्फुसात. चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ती स्वतः चोच हलवून आत घेते. तीन-चार थेंबांनंतर वाटीत चोचीचं टोक बुडवलं की बहुतेक जणी स्वतः प्यायला लागतात. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालेल, मग साधं पाणी.

पिताना छातीवरची पिसं ओली होतायत का तेही बघा. गळ्याखालची अन्नाची पिशवी फाटलेली असेल तर प्यायलेलं पाणी जखमेतून बाहेर येतं. तसं असेल तर मात्र डॉक्टरांनी शिवायलाच हवं.

अंगणातली | तिसरा दिवस, सकाळी ७:२०

मला वाटतं संपलं. जखमेच्या भोवतीची कातडी हिरवी पडली आहे. गर्द हिरवी. शीटही हिरवी पातळ. सडायला लागली का?

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ७:४५

वास घ्या. येतो का?

अंगणातली | सकाळी ७:४९

नाही. लोखंडासारखा, थोडासा.

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ७:५८

मग चहा प्या. ती सडलेली कातडी नाही, मुका मार आहे. आपल्याला मार लागला की आधी निळंजांभळं होतं, मग हिरवं, मग पिवळं. पक्ष्यांत रक्ताचा रंग मोडताना हिरव्या टप्प्यावरच थांबतो. पुढचा पिवळा रंग तयार करणारी व्यवस्था त्यांच्याकडे जवळजवळ नसतेच. म्हणून मार लागून दोन-तीन दिवस झाले की कोंबडी हिरवी दिसते. या हिरव्या रंगाला घाबरून बऱ्या होत आलेल्या कोंबड्या मारलेल्या मी पाहिल्यात.

हिरवी शीट म्हणजे पोट रिकामं आहे, नुसतं पित्त उतरतंय. खायला लागली की रंग बदलेल. काळं, ओलसर आणि घाण वासाचं दिसलं तर मात्र लगेच डॉक्टर. आणखी एक, पक्ष्यांचा पू वाहत नाही, पनीरच्या खड्यासारखा घट्ट पिवळा गोळा होतो. भोकांच्या जागी तसा कडक गोळा हाताला लागला तर सांगा.

खडूस_काका | सकाळी ८:३०

हिरव्याचं हे माहीत नव्हतं. मीही मारल्यात.

धोपट | सकाळी ९:१२

विषयाला थोडं सोडून, पण हल्ला कुणी केला ते कळलं का? परत येणार तो, पक्कं समजा. एकदा सोपं खाणं मिळालं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फेरी असतेच. खुराड्याभोवती बारीक चाळलेली माती पसरा आणि सकाळी ठसे बघा. चार बोटं आणि नखांच्या खुणा म्हणजे कुत्रा. चार बोटं, गोल ठसा, नखं नाहीत म्हणजे मांजर, कारण ते चालताना नखं आत ओढून घेतं. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा त्याच्यासारखं काहीतरी. घार-ससाणा दिवसा येतो आणि कुंपणाखालून जात नाही, म्हणून तो बाद.

अंगणातली | चौथा दिवस, सकाळी ६:५०

धोपट, सांगितल्यासारखं केलं. गोल ठसे, चार बोटं, नखं नाहीत. खुराड्याला तीन फेऱ्या मारून गेलंय, कडीपाशी जास्त वेळ थांबलेलं दिसतंय.

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ७:३०

मांजर असेल तर प्रतिजैविकाचा कोर्स एक दिवसही आधी थांबवू नका. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि पक्षी त्यांनी दोन दिवसांत जाऊ शकतो. दातही सुईसारखे, वर टिंब आणि आत खोल. तुमची चौथ्या दिवशी उभी आहे म्हणजे औषध वेळेवर पडलं. या काळातली अंडी मात्र खायची नाहीत. कधीपासून चालतील ते औषधावर अवलंबून असतं, डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या.

वाळवी | दुपारी १२:०५

माशांकडे लक्ष आहे ना? खोक्यावर जाळीचं कापड टाका. माशी जखमेच्या कडेला आणि शीट लागलेल्या पिसांत अंडी घालते, पांढरट बारीक काड्यांच्या झुपक्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात दिवसाच्या आत अळ्या होतात. मी एकदा "उद्या बघू" म्हटलं होतं.

अंगणातली | सहावा दिवस, रात्री ९:१५

जखम चांगली आहे, ओली लाल, दाणेदार. पंखाखालचा फुगा पूर्ण बसला. पण ठिपकी खात नाही. पहिल्या दिवशी १ किलो ८०० ग्रॅम होती, आज १ किलो ५५०. भिजवलेलं खाद्य, उकडलेल्या अंड्याचा बलक, सगळं पुढ्यात ठेवलं. नुसती खोक्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसते. औषध लागू पडलं आणि ही उपाशी मरायची, असं झालंय.

पिंपळपान | रात्री ९:४०

आवाज ऐकू येतो का तिला बाकीच्यांचा?

अंगणातली | रात्री ९:४२

नाही, ती आतल्या खोलीत आहे. शांतता हवी म्हणून.

पिंपळपान | रात्री ९:५५

पहिले दोन दिवस शांतता हवीच होती, आता तीच तिला खाते आहे. कोंबडीला एकटं राहणं कळत नाही. उद्या खोका नाही तर पिंजरा घ्या आणि बाकीच्या चरतात तिथे सावलीत ठेवा. मध्ये जाळी हवी, कारण लाल जखम दिसली की सख्खी मैत्रीणही टोचते, आणि एकीने टोचलं की सगळ्या टोचतात. जाळीला लागून बाहेरच्या बाजूला दाणे टाका.

अंगणातली | सातवा दिवस, सकाळी ११:३०

पिंपळपान, कुठल्या शब्दांत सांगू. पिंजरा ठेवला, काळीने बाहेरून दाणे टिपायला सुरुवात केली. ठिपकीने मान वाकडी करून एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने. मग आपल्या वाटीत चोच मारली. नुसतीच मारली, खाल्लं नाही. पुन्हा काळीकडे बघितलं. आणि मग अशी तुटून पडली की वाटी उलटली. आम्ही दोघं बहीणभाऊ दारामागे श्वास धरून उभे.

शेवगा | दुपारी १२:१०

आता रात्री आणि पहाटे गळ्याखालची पिशवी चाचपत जा. रात्री भरलेली, सकाळी सपाट, म्हणजे आतलं यंत्र चालू आहे.

अंगणातली | चोविसावा दिवस, संध्याकाळी ६:३०

बरेच दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज धुणं, रोज वजन. १ किलो ७२० झाली. पाठीची जखम कडेकडून आत येत रुपयाच्या नाण्याएवढी उरली आहे. शेपटीच्या जागी निळसर खुंट दिसतायत. मी समजत होते मांजराने शेपूट उपटली, डॉक्टर म्हणाले तिनेच सोडून दिली असेल. पकडलं गेल्यावर भीतीने पिसांची पकड सैल होते आणि शिकाऱ्याच्या तोंडात नुसती पिसं राहतात.

पहिल्या दिवशी जखमेभोवतीची काही पिसं मी कात्रीने कापली होती, ती मात्र तशीच खुरटी आहेत.

गुरांचा_डॉक्टर | संध्याकाळी ७:१०

ती पुढच्या पीसगळीपर्यंत तशीच राहणार. मुळासकट निघालेलं पीस लगेच नवं येतं, कापलेल्याचा खुंट आपणहून गळेपर्यंत जागा अडवून बसतो. निळे खुंट दाबू नका, त्यांत रक्त असतं, मोडले की भळभळतात.

अंगणातली | एकतिसावा दिवस, सकाळी १०:००

काल सोडलं बाकीच्यांत. काळीनेच मारलं! जिच्याकडे बघून जेवली तिनेच. तुऱ्यावर दोन टोचे, ठिपकी पिंपाखाली शिरून बसली. मी उचलून परत आणलं. इतका राग आला मला त्या काळीचा.

खडूस_काका | सकाळी १०:२५

राग कशाचा. महिनाभर जागा रिकामी होती, ती काळीने घेतली. आता भाडेकरू परत आलाय. दिवसाढवळ्या मध्ये सोडून देऊ नका. अंधार पडल्यावर, सगळ्या झोपल्या की ठिपकीला दांडीवर काळीच्या शेजारी ठेवा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, रात्री भांडत नाहीत. सकाळी मात्र खाणं दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि पहाटे जाऊन बसा. टोचाटोची होईल. रक्त निघालं तर उचला, नाही तर मध्ये पडू नका. तुम्ही जितक्या वेळा वाचवाल तितके दिवस लांबेल.

अंगणातली | पस्तिसावा दिवस, रात्री ८:४५

काका, जमलं. पहिल्या सकाळी काळीने मान वर करून धाक दाखवला, ठिपकीने मान खाली घातली, संपलं. ती आता शेवटून पहिली आहे. आधी दुसरी होती. तिला चालतंय असं दिसतं, मलाच वाईट वाटतंय.

धोपट | रात्री ९:०३

खुराड्याचं काय केलंत? षटकोनी जाळीच असेल तर ती काढा. ती कोंबडी आत ठेवायला असते, शिकारी बाहेर ठेवायला नाही, पंजा आत जातो. साधारण १२ मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी लावा, आणि खाली जमिनीवर बाहेरच्या बाजूला हातभर आडवी पसरून दगड ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीच्या मुळाशीच उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

अंगणातली | अठ्ठावन्नावा दिवस, सकाळी ८:१०

अंडं!! लहानसं, एका बाजूला सुरकुतलेलं, पण ठिपकीचंच, घातल्यावर अर्धा तास ओरडून सगळ्यांना सांगत होती. औषध संपून बरेच दिवस झालेत, डॉक्टरांनी दिलेली तारीखही उलटली आहे, तरी हे अंडं आम्ही फोडलं नाही. भावाने खिडकीत ठेवलंय.

वाळवी | सकाळी ८:३५

वा! सुरकुत्यांची काळजी करू नका, पहिली दोन-चार अशी येतात. अंडी यायची थांबून पोट फुगलेलं, उभी राहताना शेपटी जमिनीला टेकलेली असं काही दिसलं तरच दाखवा.

मनीमाऊ | सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. आणि ड्रॉपर फेकला.

धोपट | सकाळी ९:२०

अभिनंदन. कडीला दुसरा हूक लावलात ना? मांजर पंजाने कडी सरकवतं.

अंगणातली | रात्री १०:०५

लावला. जाळीही बदलली. आणि खरं सांगू? आज पाहुणे आले होते, हूक लावायला मीच विसरले. धोपटची ही ओळ आत्ता वाचली आणि तशीच अनवाणी पळत गेले. पाचही जणी दांडीवर होत्या. ठिपकी कडेला, काळीच्या पंखाला टेकून.